किल्ला असूनही गाव लुटलं जातंय? एज ऑफ एम्पायर्स 2 मधल्या बचावाची तपासणी

"अरे, किल्ला होता ना तिथे!"

आमची सहा जणांची टोळी शनिवारी रात्री एज ऑफ एम्पायर्स 2 हा गावं वसवून लढायचा कॉम्प्युटर गेम खेळायला बसते आणि त्यातला एकजण हे वाक्य दर आठवड्याला म्हणतो. सोन्याच्या खाणीशेजारी 650 दगड ओतून किल्ला उभा केलेला असतो. मग पाचेक मिनिटं दुसरीकडे लक्ष जातं, आणि परत येऊन बघतो तर किल्ल्याच्या जागी दगडांचा ढीग, खाणीवरचे व्हिलेजर (म्हणजे कामकरी) मेलेले, शत्रूचे घोडे शेतांत. पुढच्या डावात तो दोन किल्ले बांधतो. तेही पडतात. मग त्याचं निदान ठरलेलं असतं: "या गेममध्ये किल्ले कुचकामी आहेत."

किल्ला कुचकामी नाही, पण तो एकटा काहीच वाचवत नाही. तो शत्रूला अडकवून ठेवतो आणि तुम्हाला थोडा वेळ मिळवून देतो. त्या वेळात तुम्ही काय करता त्यावर पुढचं सगळं ठरतं. खाली जे लिहिलंय ते डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे गेमची नवी आवृत्ती, डोळ्यांसमोर ठेवून आहे. मात्र कॅफेत तासाचे पैसे मोजून जुनं व्हर्जन खेळलेल्यांनाही बहुतेक गोष्टी ओळखीच्या वाटतील.

आधी रिप्ले उघडा

हरल्यावर लगेच नवा डाव सुरू करायची खोड सोडायची. डेफिनिटिव्ह एडिशन प्रत्येक डाव आपोआप रेकॉर्ड करून ठेवते. तो रिप्ले उघडा, किल्ला पडायच्या दोन मिनिटं आधी न्या आणि वेग कमी करा. चार गोष्टी टिपायच्या: किल्ल्यात आत कोण होतं, खजिन्यात दगड किती होता, घोडदळ कुठे उभं होतं, आणि शत्रूने पहिला घाव नेमका कशाने घातला.

आमच्या त्या मित्राचा रिप्ले असाच दोघांनी बसून पाहिला. घड्याळात 41:10. झाडांच्या एका पट्ट्यामागे शत्रूच्या तीन ट्रेबुशे उलगडत होत्या (लांबून दगड फेकणारं लाकडी यंत्र; यापुढे नुसतं ट्रेब म्हणतो, तोंडात तेच बसलंय). 41:30 ला पहिला दगड किल्ल्यावर आदळला. किल्ल्यात शिबंदी शून्य. खजिन्यात दगड 40. बावीस नाइट (जड घोडेस्वार) नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, बरॅकशेजारी शिस्तीत रांगा लावून उभे. आणि आमचे राजे त्या क्षणी मार्केटमध्ये अन्न विकत होते. घंटा वाजली, मिनिमॅपवर लाल ठिपके चमकले, तरी विक्री सुरूच. 42:30 ला किल्ला गेला. जेमतेम मिनिटभर टिकला, आणि त्या मिनिटात बावीसपैकी एकाही घोड्याने पाऊल उचललं नव्हतं.

तो गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे घोडे होते!"

ट्रेब लागली की किल्ला पडतोच: हे 11 आणि 16 चं गणित

इम्पिरियल एज, म्हणजे डावाचं शेवटचं युग, त्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. किल्ल्याचा मूळ पल्ला 8 घरं (नकाशावरचे चौकोन). लोहाराकडे फ्लेचिंग, बॉडकिन आणि ब्रेसर अशा तिन्ही सुधारणा केल्या की तो 11 होतो. ट्रेबचा पल्ला 16. म्हणजे तुमचा बाण तिच्यापर्यंत पोचायला पाच घरं कमी पडतात आणि तिचा दगड निवांतपणे तुमच्या तटावर येत राहतो. ट्यूटन्सना (गेममध्ये निवडता येणाऱ्या लोकांपैकी एक) क्रेनेलेशन्स या सुधारणेमुळे किल्ल्याला आणखी 3 पल्ला मिळतो. पण त्यांच्याकडे ब्रेसर नाही, त्यामुळे तेही 13 वरच अडकतात. थोडक्यात, नुसत्या बाणांनी ट्रेबला उत्तर देणारा किल्ला या गेममध्ये नाही.

त्यात भर म्हणजे, उलगडलेल्या ट्रेबवर बाण जवळजवळ लागतच नाहीत. बाणांविरुद्धचं तिचं चिलखत 150 आहे. तिरंदाजांचा जथा पाठवून "इतके बाण मारले तरी ती मरत का नाही?" असं विचारणाऱ्यांना एवढंच उत्तर. पण तलवारीपुढे ती अगदीच दुबळी आहे. आयुष्य 150, जवळच्या वाराविरुद्ध चिलखत नावापुरतं. चारपाच घोडेस्वार तिच्यापर्यंत पोचले की काही क्षणांत तिचा लाकूडफाटा होतो.

तेव्हा दुरुस्ती ही: इम्पिरियलमध्ये शिरलात की आठ-दहा हुसार (हलके घोडेस्वार) किल्ल्याच्या मागे, शत्रूला दिसणार नाहीत असे, कायमचे ठेवून द्या. हुसारला 80 अन्न लागतं, सोनं अजिबात नाही. शेती चालू असेल तर मेलेल्याच्या जागी दुसरा उभा करायला जीव जळत नाही. या तुकडीला वेगळा क्रमांक द्या (मी 9 देतो) आणि तिला दुसऱ्या कुठल्याही कामाला लावू नका. मोह होतो, समोर शत्रूचे उघडे व्हिलेजर दिसतात. तरी नाही. ट्रेब उलगडताना दिसली की 9 दाबायचं आणि सोडायचं.

समोरचाही काही दूधखुळा नसतो. तो ट्रेबच्या पुढ्यात भालेवाल्यांची भिंत उभी करतो. म्हणून हुसार समोरून घालायचे नाहीत, बगलेने वळसा घेऊन मागून आणायचे. सगळे मेले आणि दोन ट्रेब पडल्या तरी हिशोब तुमच्या बाजूचा, कारण एका ट्रेबमागे त्याचं 200 लाकूड आणि 200 सोनं जातं. डाव लांबला की सोनंच आधी संपतं.

दुसरा उपाय महाग, पण पक्का: किल्ल्यामागे तुमच्याही दोन ट्रेब. त्याची ट्रेब उलगडली की एका जागी खिळते, आणि तुमची आधीच उलगडून बसलेली असली तर पहिला दगड तुमचा. ब्रिटन्स समोर असतील तर मात्र स्वतःच्या ट्रेब एकमेकींना चिकटवून ठेवू नका. त्यांच्या वॉरवुल्फ सुधारणेमुळे दगड आजूबाजूलाही इजा करतो. हे नाव 1304 मध्ये एडवर्ड पहिला याने स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्यासमोर उभ्या केलेल्या ट्रेबुशेवरून घेतलंय.

जागा चुकली असेल तर काहीच उपयोग नाही

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळा समजावलाय आणि सगळ्यात कमी वेळा कुणी ऐकलाय.

1665 साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरला भिडले, तेव्हा त्यांनी आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि त्याच्यावर तोफा चढवून पुरंदर झोडपला. 1818 साली इंग्रजांनी रायगडासमोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि बेलाग म्हणून नावाजलेला गड काही दिवसांत हातचा गेला. दोन्हीकडे गड मजबूतच होता. घात केला तो शेजारच्या उंचवट्याने. गेममध्येही अगदी हेच होतं, फक्त वज्रगडाच्या जागी चार घरांची एक हिरवी टेकडी असते आणि किल्ला बांधताना आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

उंचावरून मारा केला तर इजा 25 टक्के जास्त होते, खालून वर केला तर 25 टक्के कमी. त्यामुळे टेकडीच्या पायथ्याशी किल्ला बांधणं म्हणजे शत्रूला माची बांधून दिल्यासारखं आहे. व्हिलेजरना कामाला लावायच्या आधी किल्ल्याचा आराखडा माउसवर धरून ठेवा आणि भोवताली सोळा घरांच्या टप्प्यात नजर फिरवा. टेकडी आहे? मग किल्ला टेकडीवरच चढवा. ते जमत नसेल तर निदान तिथे एक आउटपोस्ट टाका. आउटपोस्टला लाकूड आणि चिमूटभर दगड लागतो. ते लढत नाही, पण लांबवरचं दाखवतं. आपल्या गडांच्या घेऱ्यात मेटं असायची, पायथ्याच्या वाटांवरच्या पहारेकऱ्यांच्या चौक्या. आउटपोस्ट हे तुमचं मेट. ट्रेब उलगडायच्या आधी ती दिसली, तरच हुसारांना पोचायला वेळ मिळतो.

दुसरी चूक म्हणजे नकाशाच्या मध्यावर, "सगळीकडे लक्ष राहील" म्हणून बांधलेला किल्ला. अकरा घरांच्या पल्ल्यातून काय लक्ष राहणार? शत्रूचे घोडे बाजूने वळसा घालून थेट शेतांत येतात. "ते किल्ल्यावर हल्लाच करत नाहीत!" अशी तक्रारही मी ऐकलीय. का करतील? किल्ला त्याच जागी हवा जिथे त्यांना यावंच लागतं: तुमची सोन्याची खाण, टाउन सेंटर (गावाची मुख्य इमारत) आणि शेतांच्या मधली खिंड, नदीचा उतार, जंगलातली फट. किल्ला चार बाय चार घरांचा असतो, म्हणजे अरुंद फटीत तो स्वतःच बूच होतो. उरलेल्या दोन-तीन घरांत दगडी भिंत ओढली की झालं. ब्लॅक फॉरेस्टसारख्या नकाशावर असा एक किल्ला मैदानातल्या तिघांचं काम करतो. अरेबियासारख्या उघड्या नकाशावर खिंडीच नसतात, तिथे खाण पकडा.

रिकामा किल्ला

दिवाळीत अंगणात किल्ला करायचो तेव्हा माती नीट वाळायच्या आत मावळे मांडायची घाई असायची. बुरुजावर एक, दरवाज्यात दोन, गुहेत वाघ. आणि गेममध्ये 650 दगडांचा किल्ला बांधून आपण त्यात एक माणूस ठेवत नाही. याला काय म्हणावं?

रिकामा किल्ला मोजकेच बाण सोडतो. आत व्हिलेजर किंवा तिरंदाज शिरले की बाण वाढत जातात, जास्तीत जास्त 21 पर्यंत. आत वीस जणांची जागा असते. भरलेल्या किल्ल्याखाली आलेला नाइटांचा जथा बघता बघता विरघळतो, तर रिकाम्या किल्ल्याखालून तोच जथा फिरायला आल्यासारखा निघून जातो. मात्र घोडेस्वार किंवा तलवारवाले आत भरून बाण वाढत नाहीत. ते आत फक्त सुरक्षित राहतात. (ट्यूटन्सच्या पायदळाला क्रेनेलेशन्सनंतर ही सवलत आहे, तेवढाच अपवाद.) "आत वीस जण होते तरी बाण कमीच" म्हणणाऱ्यांनी ते वीस जण कोण होते ते आधी बघावं.

सवय अशी लावा: खाणीवरच्या व्हिलेजरना धोका दिसला की टाउन सेंटरची घंटा वाजवू नका. घंटा सगळ्यांना एकदम कामावरून उठवते, शेतं ओस पडतात, आणि हल्ला होता फक्त एका कोपऱ्यात. त्याऐवजी त्या कोपऱ्यातले आठ-दहा जण निवडून थेट किल्ल्यात घाला. शत्रू गेला की बाहेर काढा, पुन्हा खाणीवर. बाहेर काढायला विसरणं हाही एक रोग आहे. मी स्वतः एकदा नऊ जणांना सहा मिनिटं किल्ल्यात कोंडून ठेवलं आणि सोनं का येत नाही म्हणून मार्केटला शिव्या घातल्या.

किल्ला अगदी मोडकळीला आला की आतले सगळे आपोआप बाहेर फेकले जातात, तेही थेट शत्रूच्या पायाशी. म्हणून ट्रेबचा मारा सुरू झाला की व्हिलेजर आत ठेवू नका. ट्रेबपर्यंत बाण पोचतच नाहीत, मग आतली माणसं कशासाठी? त्यांना बाहेर काढून दुरुस्तीला लावा किंवा मागे न्या. याच्या उलट, रॅम (भिंती फोडणारा चाकांवरचा ओंडका) किंवा घोडे चालून आले तर आत भरा.

रॅम पायथ्याला चिकटल्यावर

इम्पिरियलच्या आधीच्या कॅसल एजमध्ये ट्रेब नसतात, तेव्हा किल्ले पाडतात ते रॅम. त्यांचं बाणांविरुद्धचं चिलखत 180, त्यामुळे एकवीस बाण मारले तरी ओरखडे उठतात. शिवाय मर्डर होल्स ही सुधारणा नसेल तर भिंतीला अगदी चिकटलेल्यांवर किल्ल्याला बाण मारताच येत नाही. नव्या खेळाडूंना वाटतं गेममध्ये बिघाड झालाय. बिघाड नाही, युनिव्हर्सिटीत जाऊन मर्डर होल्स करून घ्या. ट्यूटन्सना ती फुकट मिळते.

पण रॅम मरतो तो तलवारीने, कुऱ्हाडीने, अगदी व्हिलेजरच्या हातानेही. आत दहा व्हिलेजर असतील आणि बाहेर दोन रॅम एकटेच आले असतील, तर दार उघडून दहाही जणांना रॅमवर सोडा. रॅमसोबत पायदळ असेल तर नको. रॅमच्या पोटातही पायदळ बसतं आणि रॅम फुटला की ते बाहेर पडतं. हसू नका, यात माझे बारा व्हिलेजर गेलेत.

पेटार्ड हा सुरुंगवाला प्राणी वेगळा. तो धावत येतो आणि स्वतःसकट फुटतो. त्याला दारात पोचू न देणं एवढाच उपाय, आणि ते काम भरलेला किल्ला करतो.

किल्ला वेळेवर उभाच राहत नाही

इथे अडचण दगडाची असते. सुरुवातीला 200 दगड हातात असतो. त्यातून आणखी दोन टाउन सेंटर टाकले की प्रत्येकी 100 प्रमाणे तो संपला. टेहळणीचा एक टॉवर बांधला तर 125 गेले. मग कॅसल एजला पोचल्यावर दगड फोडायला माणसं लागतात आणि किल्ला उभा राहीपर्यंत शत्रू दारात. दगडाच्या खाणीच्या एका घरात 350 दगड असतो, म्हणजे एका किल्ल्याला जवळजवळ दोन घरं फस्त. कॅसल एजकडे जाण्याचं बटण दाबलंत की लगेच चार-पाच जण दगडावर घाला, पोचल्यानंतर नव्हे. मार्केटमधून दगड विकत घेणं शेवटचा मार्ग: पहिल्या 100 दगडांनाच 169 सोनं मोजावं लागतं आणि पुढे भाव चढत जातो.

बांधायला माणसंही कमी घालतात लोक. एकट्या व्हिलेजरला किल्ला बांधायला खेळाच्या घड्याळात 200 सेकंद लागतात. पाच जण असतील तर साधारण 86, दहा जणांत 50. अर्धवट किल्ला बाण सोडत नाही, आणि शत्रूच्या नजरेसमोर तीन जणांनी बांधलेला किल्ला बहुधा अर्धवटच राहतो. दहा जण न्या, पन्नास सेकंदांत उरका, परत पाठवा.

आणि किल्ला झाला म्हणून दगडावरची सगळी माणसं काढून घेऊ नका. दुरुस्तीलाही दगड लागतो. त्या रिप्लेतले 40 दगड आठवा. समजा दहा जण हातोडे घेऊन पोचले असते, तरी लावणार काय होते?

सोडून द्यायचा कधी

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. सात-आठ ट्रेब, पुढे भालेवाल्यांची जाड रांग, आणि तुमच्याकडे हुसार चार. अशा वेळी त्या किल्ल्यासाठी मागून येणारी प्रत्येक तुकडी तुकड्या-तुकड्यांनी मरते. आमचा मित्र नेमकं हेच करतो, पाच घोडे झाले की पाठव, पुन्हा पाच झाले की पाठव. त्यापेक्षा व्हिलेजर मागे घ्या, पुढच्या अरुंद जागी दुसरा किल्ला सुरू करा, आणि ट्रेब पहिल्या किल्ल्यावर दगड टाकत असताना तिकडे पन्नास सेकंद मिळवा. शिवाय पुढे सरकण्यासाठी त्याला ट्रेब गुंडाळाव्या लागतात. गुंडाळून गाड्यांसारख्या रांगेत येणाऱ्या ट्रेब उघड्या रानात गाठणं हे तटाखाली उलगडलेल्यांना गाठण्यापेक्षा कितीतरी सोपं, कारण तेव्हा भालेवाले पांगलेले असतात.

गेल्या शनिवारी त्याने हुसारांना 9 क्रमांक दिला, टेकडीवर आउटपोस्ट टाकलं, दगड 400 राखून ठेवला. तरी किल्ला गेलाच. पण त्याआधी समोरच्याच्या पाच ट्रेब गेल्या, आणि समोरच्याकडे सहावीसाठी सोनं नव्हतं. मग तो भिंतीपलीकडे नुसता उभा राहिला. आमचा मित्र मात्र अजून व्हिलेजरना किल्ल्यातून बाहेर काढायला विसरतो. या वेळी चार मिनिटं.